बाभळीचे नाव कोणी बदलले?

या लेखाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतील एका मुलीने पुठ्ठ्यावर परिसरातील काटेरी झाडांच्या डहाळ्या लावून प्रत्येकीखाली मराठी व शास्त्रीय नाव लिहिले होते. बाभळीखाली तिने लिहिले होते ‘व्हॅचेलिया निलोटिका’. मी शाळेत शिकलो ते नाव होते ‘अ‍ॅकेशिया निलोटिका’. मी तिला म्हटले, “बाळ, नाव चुकले आहे,” आणि दोन गुण कमी केले. मुलगी काही बोलली नाही. संध्याकाळी महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “सर, चूक तिची नाही, तुमची आहे. बाभळीचे नाव बदलून बरीच वर्षे झाली.”

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांना पत्र लिहून ते वर्गात वाचून दाखवण्याची विनंती केली. पण मनात एक प्रश्न राहिलाच. झाड तेच, काटे तेच, शेंगा त्याच. मग नाव का बदलावे? मी पदार्थविज्ञानाचा माणूस. पुरावा दाखवा, मग मान्य करू, अशी आमची सवय. तो पुरावा शोधताना जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

नावात काय दडलेले असते?

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग प्रजातीचा व दुसरा जातीचा. आपण आडनाव आणि नाव लिहितो, तसेच काहीसे हे आहे. ‘अ‍ॅकेशिया’ हे आडनाव आणि ‘निलोटिका’, म्हणजे नाईल नदीच्या परिसरातील, हे नाव. एकाच आडनावाची झाडे एकमेकांची जवळची नातलग असावीत, अशी अपेक्षा असते. नातलग याचा अर्थ असा की ती सर्व एकाच पूर्वजापासून निघालेली असावीत आणि त्या पूर्वजाचा कोणताही वंशज त्यांतून वगळलेला नसावा.

बाभूळ शिंबावंत कुलातील आहे. हरभरा, तूर, भुईमूग, पळस, चिंच, लाजाळू ही सारी याच कुलातील. शेंग ही या कुलाची खूण. यात सुमारे ७७० प्रजाती व १९,५०० हून अधिक जाती आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात कोण कोणाचे सख्खे आणि कोण चुलत, हे ठरवायचे कसे?

पूर्वी ते डोळ्यांनी व भिंगाने ठरवत. इंग्लंडमधील उद्यानतज्ज्ञ फिलिप मिलर यांनी १७५४ साली ‘अ‍ॅकेशिया’ ही प्रजाती मांडली. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बेंथम यांनी तिच्या सीमा आखल्या. त्यांची कसोटी होती फुलातील पुंकेसर. पुंकेसर दहा किंवा त्याहून कमी असतील तर झाड लाजाळूच्या गटात. पुंकेसर पुष्कळ व तळाशी एकमेकांना जुळून नळी झालेली असेल तर शिरिषाच्या गटात. पुंकेसर पुष्कळ, पण सुटे असतील तर अ‍ॅकेशिया. कसोटी सोपी होती, भिंग असले की पुरे. या कसोटीने आपली बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई, आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील छत्रीसारखी झाडे आणि ऑस्ट्रेलियातील जवळजवळ एक हजार जाती एकाच अ‍ॅकेशिया प्रजातीत आल्या. एकूण जाती तेराशेच्या वर गेल्या.

काटे काय सांगत होते?

आता एक काम करा. बाभूळ, खैर आणि शिकेकाई यांची एकेक डहाळी मिळवा. हात जपून!

बाभळीचे काटे पाहा. पांढुरके, सरळ, लांब आणि पानाच्या देठापाशी जोडीने. पानाच्या बुडाशी दोन उपपर्णे असतात, त्यांचेच हे काटे झाले आहेत. हिवराचेही तसेच. आता खैर पाहा. काटे जोडीनेच आहेत, पण आखूड, आकड्यासारखे वाकलेले आणि पानाच्या किंचित खाली. हे उपपर्णांचे नाहीत, खोडाच्या सालीवर उगवलेले आहेत. शिकेकाईच्या वेलावर तर असे वाकडे काटे कसेही विखुरलेले असतात.

आता चौथी डहाळी आणा, ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ म्हणतात त्या झाडाची. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस. सामाजिक वनीकरणात हे झाड पुष्कळ लावले गेले, रस्त्याकडेला सहज सापडेल. याला काटे नाहीत, आणि बाभळीसारखी बारीक दलांची पानेही नाहीत. कोयत्याच्या पात्यासारखी जी लांब पाने दिसतात, ती खरी पाने नव्हेत. पानाचा देठच चपटा होऊन पानाचे काम करतो आहे. खात्री पटत नसेल तर बी पेरून पाहा. बी कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवा व मग कुंडीत लावा. रोपाला प्रथम बाभळीसारखी बारीक दलांची पाने येतात. मग हळूहळू देठ रुंदावतो, दले नाहीशी होतात व उरतो तो नुसता चपटा देठ.

हे फरक बेंथम यांच्या नजरेतून सुटले नव्हते. उपपर्णांचे काटे असलेल्या, खोडावर काटे असलेल्या आणि चपट्या देठाच्या, अशा जातींचे वेगवेगळे गट त्यांनी अ‍ॅकेशियाच्या आतच पाडले होते. १९८६ साली ऑस्ट्रेलियातील लेस्ली पेडली यांनी तर या एका प्रजातीच्या तीन प्रजाती कराव्यात असेच सुचवले. पण अनेकांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की पुंकेसरांना कमी व काट्यांना अधिक महत्त्व का द्यावे? हा प्रश्न अगदी रास्त होता. दोन मोजपट्ट्या वेगवेगळी मापे दाखवू लागल्या तर खरी कोणती, हे त्या दोघींकडे बघत बसून कळत नाही. त्यासाठी तिसरी, स्वतंत्र मोजपट्टी लागते.

तिसरी मोजपट्टी

ही मोजपट्टी पेशीच्या आतच असते. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. त्यावर चार प्रकारच्या घटकांची ओळ असते. त्यांना आपण ए, टी, जी, सी अशी अक्षरे म्हणू. पिढ्यान्‌पिढ्या या अक्षरांची नक्कल होत जाते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. बदललेले अक्षर पुढच्या वंशजांकडे तसेच जाते. जुन्या पोथ्यांच्या हस्तलिखितांत हेच घडत असे. एका लेखनिकाने केलेली चूक त्याच्या प्रतीवरून केलेल्या सर्व प्रतींत उतरे. त्या चुका जुळवून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून आली, हे अभ्यासक ओळखतात.

वनस्पतींच्या बाबतीत एक सोय आहे. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. एका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात, त्यामुळे तो वाळलेल्या पानातूनही बऱ्याचदा मिळतो. त्यातील ‘मॅट-के’ नावाचे जनुक सुमारे दीड हजार अक्षरांचे आहे व ते पुरेशा वेगाने बदलत आले आहे. पान कुटून डीएनए वेगळा काढायचा, हव्या त्या तुकड्याच्या रासायनिक पद्धतीने लक्षावधी प्रती करायच्या, अक्षरांना चार रंगांची चमकणारी द्रव्ये जोडायची आणि प्रकाशाचे रंग टिपत अक्षरे वाचत जायचे. येथे मात्र आमचे पदार्थविज्ञान उपयोगी पडते बरे का!

आता आपण स्वतः ही रीत वापरून पाहू. खालील अक्षरे काल्पनिक आहेत, केवळ सरावासाठी मी तयार केली आहेत. चार झाडांचा सोळा-सोळा अक्षरांचा तुकडा आपण वाचला असे समजा.

बाभूळ: ए सी जी सी – टी ए टी जी – जी सी टी जी – ए ए सी टी

खैर: ए टी जी टी – सी ए टी जी – ए सी टी ए – ए जी टी टी

शिरीष: ए टी ए सी – सी ए सी जी – ए टी टी ए – ए ए टी टी

ऑस्ट्रेलियन बाभूळ: ए टी जी सी – सी ए सी जी – ए टी टी ए – जी ए टी टी

पुढे वाचण्याआधी वही-पेन्सिल घ्या. दोन-दोन ओळी एकाखाली एक मांडून किती जागी अक्षरे वेगळी आहेत ते मोजा.

झाले मोजून? उत्तरे अशी येतील. शिरीष व ऑस्ट्रेलियन बाभूळ: २. खैर व शिरीष: ५. खैर व ऑस्ट्रेलियन बाभूळ: ५. बाभूळ व खैर: ७. बाभूळ व शिरीष: ८. बाभूळ व ऑस्ट्रेलियन बाभूळ: ८.

आता वंशवृक्ष काढा. सर्वांत जवळची जोडी शिरीष व ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची. त्या जोडीला मागून खैर येऊन मिळतो. आणि आपली बाभूळ सर्वांत आधी फुटलेल्या, वेगळ्या फांदीवर राहते. शिरीष तर अ‍ॅकेशिया नव्हेच! म्हणजे अ‍ॅकेशिया म्हणवणाऱ्या तीन झाडांपैकी एकाचे सर्वांत जवळचे नाते परक्या मानलेल्या झाडाशी निघाले.

आपली अक्षरे काल्पनिक असली तरी वृक्षाचा हा आकार काल्पनिक नाही. २००० ते २००३ या काळात ऑस्ट्रेलियात जोसेफ मिलर व रँडल बेयर यांनी हरितलवकांच्या डीएनएवरून जो वृक्ष काढला, त्यातही ऑस्ट्रेलियातील अ‍ॅकेशिया शिरिषाच्या गोतावळ्यात जाऊन बसले आणि बाभळीची फांदी दूर राहिली. पुष्कळ सुटे पुंकेसर ही एका घराण्याची खूण ठरली नाही. नुसत्या साम्यावरून नाते ठरत नाही, हे येथे स्पष्ट झाले. वटवाघूळ आणि कावळा दोघेही उडतात, म्हणून ते भाऊ होत नाहीत.

मोजणीवर किती विश्वास ठेवावा?

तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “सर, एखाद्या झाडात अक्षरे इतरांपेक्षा भराभर बदलत असतील तर? किंवा एकाच जागी अक्षर दोनदा बदलून पुन्हा पहिलेच आले तर?” शाबास! असे खरोखरच घडते. म्हणून नुसते फरक मोजून शास्त्रज्ञ थांबत नाहीत. कोणता बदल कोणत्या झाडांत समाईक आहे, हे ते पाहतात. आपल्याच तक्त्यातील सातवे व दहावे अक्षर बघा. शिरीष व ऑस्ट्रेलियन बाभूळ या दोघांतच तेथे अनुक्रमे सी व टी आहेत. एकूण फरकांपेक्षा अशा समाईक खुणा अधिक बोलक्या असतात.

दुसरी खबरदारी अशी की एका जनुकावर विसंबायचे नाही. हरितलवक बहुधा एकाच पालकाकडून येतात, बहुतेक वनस्पतींत मातेकडून. म्हणून पेशीकेंद्रातील डीएनएची साक्षही काढावी लागते. प्रयोगशाळेत लंबकाचा एकच आवर्तकाल मोजून ‘जी’ची किंमत काढणाऱ्यास आम्ही गुण देत नाही, त्यातलाच हा प्रकार. अ‍ॅकेशियाच्या बाबतीत निरनिराळ्या जनुकांची साक्ष मुख्य मुद्द्यावर एकच निघाली: ही एक प्रजाती नव्हे, निदान पाच आहेत.

शिवाय हा निकाल काट्यांनी दिलेल्या साक्षीशी जुळला. उपपर्णांचे काटे असलेल्यांची एक फांदी, खोडावरील काट्यांची दुसरी, चपट्या देठाच्या झाडांची आणखी एक. शिकेकाईची फुले बाभळीसारखी गोल गेंदेदार असतात, तर खैराची कणसासारखी लांबट. फुले पाहून आपण शिकेकाईला बाभळीशेजारी बसवले असते. पण काटे आणि डीएनए दोघेही तिला खैराकडे नेतात.

आडनाव कोणाकडे राहिले?

घर विभागले, आता आडनाव कोणी ठेवायचे? वनस्पतींच्या नामकरणाचा नियम असा की प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक जात खुंटीसारखी बांधलेली असते. तिला प्ररूप म्हणतात. प्ररूप ज्या गटात जाईल त्या गटाबरोबर नाव जाते. अ‍ॅकेशियाचे प्ररूप होते आपली बाभूळच, ईजिप्तमधली. हे नावसुद्धा प्राचीन ग्रीकांनी ईजिप्तच्या काटेरी झाडाला दिलेल्या नावावरून आलेले. तेव्हा नाव बाभळीकडे राहायला हवे होते.

पण तसे केले असते तर ऑस्ट्रेलियातील हजारभर जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून २००३ साली प्रस्ताव आला की प्ररूपच बदलून ऑस्ट्रेलियातील एक जात प्ररूप मानावी. आफ्रिकेतील व इतर अनेक शास्त्रज्ञांना हे रुचले नाही. २००५ साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झाले. निम्म्याहून अधिक मते प्रस्तावाच्या विरोधात पडली. मात्र समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के मते हवीत असा निर्णय असल्यामुळे प्रस्ताव टिकला. वाद पुढे सहा वर्षे चालला. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत तो निर्णय कायम झाला.

म्हणून आज अ‍ॅकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील झाडांचे आहे. बाभूळ व हिवर व्हॅचेलियात गेले, खैर व शिकेकाई सेनेगालियात. ही नावेही नवी घडवलेली नाहीत. व्हॅचेलिया हे नाव १८३४ साली रॉबर्ट वाइट व जॉर्ज अर्नॉट यांनी दक्षिण भारतातील वनस्पतींवरील ग्रंथात दिले होते, सेनेगालिया १८३८ सालचे. ती अडगळीत पडली होती, आता पुन्हा कामी आली. ‘व्हॅचेलिया निलोटिका’ व ‘सेनेगालिया कॅटेचू’ ही जोडनावे २००८ साली प्रसिद्ध झाली.

येथे एक भेद नीट लक्षात घ्या. घराण्याच्या किती फांद्या आहेत, हा प्रश्न निसर्गाला विचारायचा आणि त्याचे उत्तर पुराव्याने द्यायचे. तेथे मतदान चालत नाही. कोणत्या फांदीला कोणते नाव द्यायचे, हा मात्र माणसांचा सोयीचा प्रश्न आहे. तेथे मतदान चालते आणि भांडणही होते.

याचा उपयोग काय?

असे तुम्ही विचारणारच. एक उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडील बाभूळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये सावलीसाठी व गुरांच्या चाऱ्यासाठी नेली गेली. तेथे ती माजली आणि लाखो हेक्टर गवताळ जमिनीवर पसरली. तिला आवर घालण्यासाठी तिच्यावर जगणारे कीटक शोधायला तेथील शास्त्रज्ञ भारतातही आले. पण कीटक सोडण्याआधी एक खात्री हवी, की तो तेथील मूळच्या झाडांवर ताव मारणार नाही. ही परीक्षा कोणत्या झाडांवर घ्यायची? जवळच्या नातलगांवर प्रथम आणि कसून, कारण एकाला खाणारा कीटक त्याच्या नातलगालाही खाण्याचा संभव अधिक. हजारभर देशी जाती पणाला लागलेल्या असताना वंशवृक्ष चुकीचा असून कसे चालेल?

आपल्या घरची नावेही तपासण्याजोगी आहेत. सुबाभूळ, वेडी बाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांपैकी एकही बाभळीच्या प्रजातीतील नाही. वेडी बाभूळ व शमी या दोघींना काल-परवापर्यंत ‘प्रोसोपिस’ या एकाच प्रजातीत घालत. २०२२ साली डीएनएच्या पुराव्यावरून तीही वाटणी झाली. शमी प्रोसोपिसमध्ये राहिली, मूळची अमेरिकन वेडी बाभूळ ‘नेल्टुमा’त गेली. आणि शिंबावंत कुलाची तीन उपकुले आपण पाठ केली, त्यांच्या जागी २०१७ साली सहा उपकुले मांडली गेली. त्यासाठी सुमारे ३,७०० जातींचे मॅट-के जनुक तपासले होते.

मग परीक्षेत काय लिहायचे? शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी सूचना अशी की, विद्यार्थ्यांना दोन्ही नावे लिहायला सांगावे: व्हॅचेलिया निलोटिका, आणि कंसात पूर्वीचे नाव अ‍ॅकेशिया निलोटिका. जुने नाव पुसून टाकू नये, कारण जुने ग्रंथ, औषधांच्या याद्या व वनखात्याच्या नोंदी त्याच नावाने शोधाव्या लागतात. आणि एखाद्या विद्यार्थ्याने अनोळखी नाव लिहिले तर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, “हे तू कोठे वाचलेस?”

मी त्या दिवशी तेवढे विचारले असते तर त्या मुलीचे दोन गुण वाचले असते. आणि हा सारा अभ्यास मला एक दिवस आधी सुरू करता आला असता.